तीन मिलिसेकंदांचा हिशेब

एप्रिल उजाडला की वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना दम खायला सवड नसते. १४ एप्रिलची भीमजयंती, तिच्या मागेपुढे गावोगाव रंगणारे भीमगीतांचे कार्यक्रम, त्यालाच लागून आलेली लग्नसराई आणि जत्रा. सुपाऱ्या याच दिवसांत आणि ऊनही याच दिवसांत. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लागू केलं होतं. कारण दंगल नव्हे, ऊन. अशा दिवसाची संध्याकाळ म्हणजे दिवसभर तापलेलं मैदान, कोंडलेली हवा, मांडवामागे धडधडणारा जनरेटर आणि स्टेजवर कीबोर्डशेजारी स्टुलावर ठेवलेला एक लॅपटॉप. पेटी त्यातूनच वाजते, बासरी त्यातूनच आणि व्हायोलिनचा ताफाही त्यातूनच.

गाणं अंतऱ्यावर येतं. वादक सस्टेन पेडल दाबून दोन्ही हातांनी भरगच्च स्वर धरतो आणि नेमका तेव्हाच मोठ्या स्पीकरमधून 'टक्' असा आवाज फुटतो. पाठोपाठ 'खर्र'. समोरून कुणीतरी विचारतंच, "आवाज कावून फाटून रायला भाऊ?" साउंडवाला वायरी हलवून पाहतो, वादक लॅपटॉपकडे संशयाने बघतो. बहुतेक वेळा वायर ठणठणीत असते आणि स्पीकरही. उशीर झालेला असतो तो लॅपटॉपला, आणि तोही सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचा.

एवढ्याशा उशिराने एवढा विचका का होतो आणि तो टाळायचा कसा, हे कळणं आता मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपुरतं राहिलेलं नाही. अमरावतीच्या सायन्सकोर मैदानावर किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात वाजवायला बसणाऱ्यालाही हा हिशेब आलाच पाहिजे.

एक यंत्र, एक काम

कीबोर्ड आपल्या मंचाला नवा नाही. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मुंबईच्या चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँडची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं एकत्र जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची तबकडी काढली. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकतील अशी 'मिडी' ही सामाईक पद्धत आली. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला आणि १९८८ मध्ये कॉर्गचा एम-१. पुढे झी मराठीच्या 'सारेगमप'मधून सत्यजित प्रभू यांचा कीबोर्ड घराघरांत पोचला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत मग रोलँडचा एक्सपीएस-१०, यामाहाची खास भारतासाठी काढलेली 'पीएसआर-आय' मालिका आणि शेजारी ऑक्टोपॅड, असा सरंजाम रुळला.

या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट समान. प्रत्येकाच्या पोटातली यंत्रणा एकच काम करते : पट्टी दाबली की आवाज काढणं. त्याला मेल येत नाही, अपडेट येत नाही, व्हायरस शोधायचा नसतो. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीचा कीबोर्ड आजही बटण दाबताच वाजतो आणि अडखळत नाही. लॅपटॉप ताकदीने त्याच्या कितीतरी पट मोठा, पण तो एकाच वेळी शंभर कामं अंगावर घेऊन बसलेला असतो. कार्यक्रमासाठी लॅपटॉप 'लावणं' म्हणजे ती बाकीची कामं एकेक करून काढून घेणं आणि त्याला पुन्हा निव्वळ वाद्य बनवणं. पुढचं सगळं या एका गोष्टीचाच विस्तार आहे.

मग लॅपटॉप हवाच कशाला? आवाजाच्या प्रतीसाठी. गणित करून पाहावं. खऱ्या पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येक पट्टी दहा वेगवेगळ्या जोरांनी वाजवली आणि दर वेळी दहा सेकंद ध्वनिमुद्रित केली, तर ८,८०० सेकंदांचा आवाज जमा होतो. २४ बिट, स्टिरिओ, सेकंदाला ४४,१०० नमुने या दर्जाने तो साठवायला सुमारे २.३ गिगाबाइट जागा लागते. कॉर्ग एम-१ मधले सगळे आवाज मिळून ४ मेगाबाइटमध्ये मावत होते. म्हणजे आजचा एक पियानो त्या अख्ख्या कीबोर्डच्या जवळपास ५८० पट झाला. लॅपटॉपमध्ये असा पियानो, त्याच्या जोडीला ऑर्गन, सनई, सारंगी आणि व्हायोलिनचा ताफा, सगळं एकत्र नांदू शकतं. ते मंचावर वाजवण्यासाठी खास सॉफ्टवेअरही आहेत : मॅकवर ॲपलचं मेनस्टेज, विंडोजवर कँटाबिले, दोन्हींवर चालणारं गिग परफॉर्मर. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवरही वाजवता येतं. पण ते ध्वनिमुद्रण आणि संपादनासाठी बांधलेलं असतं, तर ही मंडळी गाण्यांची यादी, झटपट बदलणारे टोन आणि अखंड वादन डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात.

वाढपी आणि पंगत

कीबोर्डची पट्टी दाबली की लॅपटॉपकडे आवाज जात नाही, फक्त निरोप जातो : अमुक पट्टी, इतक्या जोराने. जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीतून असा एक निरोप जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. यूएसबीवरून त्याहून कमी. निरोप मिळाला की सॉफ्टवेअर आवाज तयार करतं. हा आवाज म्हणजे आकड्यांची रांग, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० आकडे. ते एकेक करून पाठवणं संगणकाला परवडत नाही, म्हणून तो गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात.

पंगतीतल्या वाढप्यासारखंच हे काम. वाढपी लहान भांडं घेऊन आला तर पानात गरम गरम पडतं, पण त्याला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात. एक फेरी चुकली की पान रिकामं. मोठी बादली आणली तर फेऱ्या कमी, पण पहिला घास मिळायला वेळ लागतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर ६४ आकड्यांचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, १२८ चा २.७, २५६ चा ५.३ आणि ५१२ चा १०.७. पान रिकामं राहिलं की ऐकू येतं ते 'टक्'.

आता १२८ चा बफर घेऊन बसलेल्या वादकाचा हिशेब. त्याचा लॅपटॉप सेकंदाला ३७५ फेऱ्या मारतो. तीन तासांच्या कार्यक्रमात ४० लाख ५० हजार. प्रत्येक फेरीला मुदत तीन मिलिसेकंदांहून थोडी कमी. यातल्या ९९.९९ टक्के फेऱ्या वेळेत झाल्या तर परीक्षेत कुणीही पाठ थोपटेल. मंचावर मात्र त्याचा अर्थ ४०५ वेळा 'टक्'. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातला मीटर ३० टक्के दाखवत असतो आणि तरी आवाज फाटतो, त्याचं कारण हेच. बहुतेक मीटर सरासरी सांगतात आणि गाणं बिघडतं ते सर्वांत वाईट क्षणी. शिवाय एका वाद्याची साखळी साधारणपणे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. आठ कोअरपैकी सात निवांत असले तरी आठवा दमला की झालंच.

म्हणून बफर किती ठेवायचा हा पहिला निर्णय. वाद्याचा प्रतिसाद चटकन मिळावा म्हणून अनेक जण ६४ किंवा ३२ च्या मागे लागतात. त्याची गरज नसते. चाळीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर धावतो. म्हणजे तीन मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याची थाप कीबोर्डवाल्याच्या कानी पोचायलाच आठ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या अंतराने कुणाचा ताल चुकत नाही. गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात खंजिरी हातात असणाऱ्या भजनकऱ्याला थाप तत्क्षणी ऐकू येते. पण मागच्या ओळीतल्या साथीदाराला ती किंचित उशिराच मिळते आणि तरी भजन एका ठेक्यात चालतं. बफर, ड्रायव्हर आणि आकड्यांचं विजेत रूपांतर करणारी यंत्रणा, असा सगळा उशीर मिळून दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक वादकांना तो जाणवत नाही. वीसच्या पुढे गेला की जलद तान बोटांच्या मागे पडायला लागते. तेव्हा पियानो आणि पेटीसाठी १२८, लॅपटॉप बेताचा असेल तर २५६, हा शहाणपणाचा आकडा. बोटांनी तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याने १२८ वर राहावं. नुसते लांब सूर धरणाऱ्याला २५६ ची अडचण नाही.

नमुन्यांच्या दराचंही तसंच. ९६,००० वर नेलं की कामाचा बोजा दुप्पट होतो आणि मैदानातल्या स्पीकरवर फरक कुणाच्या कानाला लागत नाही. ४४,१०० किंवा ४८,००० यांपैकी एक ठरवावा आणि तोच सॉफ्टवेअरमध्ये, तोच ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे लॅपटॉपबाहेरच्या साउंड कार्डावर, लावावा. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा राहिला आणि मध्ये कुणी रूपांतर केलं नाही, तर सूर जवळपास दीड स्वर-पट्टीने सरकतो. काळी एकमध्ये बांधलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन पडतं. गायकाला ते सापडत नाही आणि तंबोऱ्यालाही.

घरातले चोर

आता विंडोजचा लॅपटॉप समोर घेऊ, कारण आपल्याकडे तोच जास्त. 'टक्'चं मूळ पुष्कळदा संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतं. वाय-फायचा ड्रायव्हर दर थोड्या वेळाने आसपासची नेटवर्क शोधतो आणि तेवढ्यापुरता प्रोसेसरला अडवून धरतो. मेल वाचताना हा अडथळा कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन मिलिसेकंदांच्या मुदतीत तो पुरेसा ठरतो. ब्लूटूथ, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, बॅटरीची पातळी तपासणारी यंत्रणा, क्लाउडवर फायली चढवणारं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, हे सगळे याच माळेचे मणी. लॅटन्सीमॉन नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. ते अर्धा तास चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो, हे नावानिशी दाखवतं. अंदाजाने दहा गोष्टी बंद करण्यापेक्षा आधी त्याचा अहवाल वाचावा.

मग एकेकाचा बंदोबस्त. वाय-फाय आणि ब्लूटूथ नुसते बंद करून भागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते ड्रायव्हरच निष्क्रिय करावेत. वीज वाचवण्याची सेटिंग हा दुसरा मोठा चोर. काम कमी दिसलं की लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि यूएसबीचे पोर्ट झोपवतो. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक पाच मिनिटं बोलला की त्याला वाटतं, मालक झोपला. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवावा, 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावं, स्क्रीन आणि झाकण यांच्यामुळे झोप येणार नाही अशी सोय करावी. विंडोज अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ते हंगामाच्या सुरुवातीलाच थांबवावं. अँटिव्हायरसला वाद्यांच्या आवाजांचं फोल्डर तपासू नको असं सांगावं. आणि संगणकाच्या सूचनांचे 'टिंग' आवाज पूर्ण बंद, नाहीतर सुरेश भटांच्या गझलेच्या ऐन शेरावर ते दोन हजार श्रोत्यांना ऐकू जातात. भट अमरावतीचे. त्यांच्या गावात गझलेची मैफल ऐकायला बसलेला श्रोता ढोल-ताशाच्या गदारोळात खपून गेलेला 'टक्' शांत मैफलीत खपवून घेत नाही.

सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड यांच्यातला रस्ताही महत्त्वाचा. विंडोजचा नेहमीचा रस्ता सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळत जातो, म्हणून उशीर करतो. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये हा फेरा टाळणारी 'असिओ' पद्धत आणली. ऑडिओ इंटरफेससोबत त्याच्या कंपनीने दिलेला असिओ ड्रायव्हर असेल तर तोच वापरावा. 'असिओ-फोर-ऑल' हा फुकट मिळणारा पर्याय घरी सरावाला चालतो, पण तो मुळात विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला वायर नेणं मात्र टाळावं; तिथे आवाजापेक्षा खरखर जास्त मिळते. आणि ब्लूटूथ स्पीकरवर वाजवायचा विचारही नको, त्यात सहज शंभर मिलिसेकंदांच्या वर उशीर होतो.

मॅकवाल्यांना ड्रायव्हरची कटकट कमी, पण अपडेटची जास्त. २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिटांची सॉफ्टवेअर चालवणंच बंद केलं आणि ज्यांनी घाईने अपडेट केलं त्यांची कितीतरी जुनी वाद्यं एका रात्रीत मुकी झाली. नवी आवृत्ती आली की आपल्या वाद्यांच्या कंपन्या हिरवा कंदील दाखवेपर्यंत थांबणं हाच त्यावरचा उपाय.

ऊन आणि वीज

इथवरचा सल्ला कुठल्याही गावाला लागू आहे. वऱ्हाडाचा स्वतःचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशांची हवा सुचवतं आणि इतर कंपन्यांचे आकडेही याच्याच आसपास असतात. एप्रिल-मेमध्ये अकोल्याच्या मांडवातली हवा संध्याकाळी सातलाही ३५ च्या वर असू शकते. पंखा ज्या हवेने लॅपटॉप गार करायचा, ती हवाच गरम. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःला जाळून न घेण्यासाठी तो वेग कमी करतो. घरी कूलरसमोर तासभर नीट वाजलेला सेटअप मांडवात चाळिसाव्या मिनिटाला फाटतो, त्याचं कोडं इथे सुटतं. लॅपटॉप बिघडलेला नसतो. त्याने फक्त पाय ओढायला सुरुवात केलेली असते.

यावर एक उलटा वाटणारा उपाय आहे. पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपांत 'टर्बो' बंद होतो. कमाल वेग घटतो, पण उष्णताही बरीच घटते आणि मुख्य म्हणजे वेग एकसारखा राहतो. पहिल्या गाण्याला घोडदौड आणि दहाव्याला लंगडणं, यापेक्षा सगळा कार्यक्रम मध्यम चाल परवडली. या मर्यादेत आपली सर्वांत जड गाणी चालतात का, हे आधी पाहून घ्यायचं. चालत नसतील तर टोन हलके करायचे.

बाकी काळजी साधी आहे. लॅपटॉप कीबोर्डच्या पाठीवर किंवा मखमली कापडावर ठेवू नये. खालून हवा लागेल असा स्टँड हवा. दुपारी साउंड चेक करताना त्याच्यावर थेट ऊन नको, रात्री हॅलोजनचा झोत नको. आणि पंख्याची जाळी. हा कापसाचा मुलूख. काळ्या मातीची धूळ आणि रुईचे तंतू जाळीत बसून एका हंगामात नमदा तयार करतात. मार्चमध्ये एकदा जाळी साफ करून घेतली तर अर्धं काम होतं.

विजेची गोष्ट आणखी निराळी. अकोला जिल्ह्यातच पारसला ५०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे, पण मैदानातला मांडव बहुतेक वेळा जनरेटरवर असतो. मोठ्या स्पीकरने ठेक्याला दणका दिला की जनरेटरचा दाब क्षणभर खाली येतो. लॅपटॉपला त्याची झळ लागत नाही, त्याच्या पोटात बॅटरी आहे. इंटरफेस यूएसबीवरच चालत असेल तर तोही तरतो. बळी जातो तो ॲडॉप्टरवर चालणारा कीबोर्ड : तो बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तेवढ्यात मिडीचा निरोप तुटतो. 'पट्टी सोडली' हा निरोप न मिळाल्याने सॉफ्टवेअर तो सूर धरूनच ठेवतं. गाणं संपलं तरी सनई वाजतच राहते. कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारा छोटा यूपीएस कीबोर्डला लावला की हा प्रकार थांबतो, आणि सगळे सूर एकदम सोडायला लावणारं 'पॅनिक' बटण सॉफ्टवेअरमध्ये हाताशी नेमून ठेवलं की उरलीसुरली भीतीही जाते.

दुसरा त्रास गुणगुणीचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही गुणगुण खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा वर ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली तर समजावं, लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडले गेलेत आणि मधल्या वेढ्यातून गुणगुण येते आहे. काही जण प्लगची अर्थिंगची पिन तोडून हा त्रास घालवतात. तो जिवाशी खेळ आहे. ओल्या मैदानात, धातूचा माइक ओठांशी असलेल्या गायकाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. रोहित्र असलेला डीआय बॉक्स मध्ये टाकला की गुणगुण जाते आणि अर्थिंगही राहतं. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवरून वीज घेतील असं पाहिलं, तरी पुष्कळ फरक पडतो.

यादी बांधताना

आता सॉफ्टवेअरच्या आत. समजा गझल आणि भावगीतांची मैफल आहे, गायक काळी एकचा, गायिका काळी पाचची. प्रत्येक गाण्याचं एक पान करायचं. त्या पानावर डावीकडच्या दोन सप्तकांत तंबोरा किंवा संथ सूर, मध्ये पेटी, उजवीकडे बासरी. आणि गाण्याची पट्टी त्या पानातच साठवलेली. मग गायिकेनंतर गायक आला की वादकाला ट्रान्सपोजचं बटण शोधावं लागत नाही. पाय किंवा बोट एकदा दाबलं की पुढचं पान.

पान उलटताना नवं वाद्य हार्ड डिस्कवरून उचलायला लागलं तर तिथेच घात. म्हणून रात्रीची सगळी वाद्यं कार्यक्रमापूर्वीच मेमरीत चढवून ठेवायची आणि पानांनी फक्त कोणतं वाद्य ऐकू यावं एवढंच ठरवायचं. मोठे पियानो पूर्ण मेमरीत मावत नाहीत. सॉफ्टवेअर प्रत्येक सुराची सुरुवात मेमरीत ठेवतं आणि उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून ओढतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एकेका जागी पोचायलाच दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणून एसएसडी ही चैन राहिलेली नाही. जुन्या लॅपटॉपवर पैसे खर्च करायचे तर आधी तिथे.

मग ओझं कमी करण्याची कलाकुसर. पेडल दाबून चार स्वरमेळ बदलले, प्रत्येकात आठ सूर आणि एकावर एक तीन वाद्यांचे थर, तर एका क्षणी ९६ आवाज चालू असतात. सुरुवातीला सांगितलेला अंतऱ्यावरचा 'टक्' इथेच जन्मतो. प्रत्येक वाद्याला एका वेळच्या आवाजांची मर्यादा घालता येते; ती २५६ वरून ६४ वर आणली तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. घुमाऱ्याचा परिणाम, म्हणजे रिव्हर्ब, दर वाद्याला वेगळा लावण्याऐवजी सगळ्यांना मिळून एकच द्यावा. तालाचे आणि मागच्या संगीताचे ट्रॅक सॉफ्टवेअरकडून जागेवर बनवून घेण्यापेक्षा आधीच साध्या ऑडिओ फाईलमध्ये उतरवून ठेवावेत. फाईल वाजवायला जवळपास काहीच कष्ट पडत नाहीत. लॅपटॉपमध्ये जागा कमी आणि प्रोसेसर बरा असेल तर पियानोटेकसारखं वाद्य पाहावं. ते नमुने साठवत नाही, तारेचं आणि हातोडीचं गणित करून आवाज घडवतं, त्यामुळे आकाराने अगदी लहान असतं.

एक गोष्ट आपल्या मैदानांसाठी खास. बहुतेक मांडवांत डावा-उजवा असा भेद नसतो, सगळ्या स्पीकरांना एकच आवाज जातो. हेडफोनवर डौलदार वाटणारे काही स्टिरिओ टोन असे एकत्र केले की एकमेकांना खोडून पातळ होतात. म्हणून टोन निवडताना मोनोवर ऐकून निवडावेत.

दुसरी वाट

इतकं करूनही यंत्र ते यंत्रच. एक्सपीएस-१० सारख्या कीबोर्डमध्ये स्वतःचे आवाज असतात, हे विसरून त्याला नुसता लॅपटॉपचा रिमोट बनवणं हा करंटेपणा आहे. त्याचा आउटपुट मिक्सरवर वेगळ्या चॅनलला लावून आवाज शून्यावर ठेवावा. लॅपटॉपने मान टाकली तर साउंडवाल्याने एक फेडर खाली, एक वर करायचा. गाणं थांबत नाही. साउंडवाल्याला हे आधी सांगून ठेवायचं, खूण ठरवायची.

यूएसबीच्या वायरींवरही लक्ष हवं. कोणती वायर कोणत्या पोर्टला, याच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात, कारण पोर्ट बदलला की विंडोज कधी कधी त्याच कीबोर्डला नवीन पाहुणा समजतं आणि सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही. इंटरफेस थेट लॅपटॉपला लावावा, स्वस्त हबमधून नाही. वायर स्टँडला टेपने बांधावी, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी झटका पोर्टला बसत नाही.

या सगळ्याची तालीम मात्र दिवाणखान्यातल्या गारव्यात करून उपयोग नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात. पाहुणे उशिरा येतात, भाषणं लांबतात आणि कात्री लागते ती साउंड चेकला. तिथे पोचून जुळवाजुळव करू, या भरवशावर राहणाऱ्याला बहुतेक वेळा दहा मिनिटंही मिळत नाहीत. तेव्हा एप्रिलच्या एखाद्या दुपारी, कूलर बंद करून, रात्रीची पूर्ण यादी तीन तास सलग वाजवून पाहा. सर्वांत जड गाणं मुद्दाम शेवटी ठेवा, जेव्हा लॅपटॉप सर्वांत तापलेला असेल. त्यात एक जरी 'टक्' आला तर बफर एक पायरी वाढवा किंवा एक थर काढा आणि पुन्हा वाजवा. तीन तास स्वच्छ गेले की त्या सेटअपची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, आणि कार्यक्रम पार पडेपर्यंत लॅपटॉपमध्ये नवं काहीही बसवू नका. फुकट मिळालेला टोनसुद्धा नको.